बंद खोलीतली हिरवळ

अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेतले ऊर्जातज्ज्ञ इव्हान मिल्स यांचा ध्यास एकच, वीज नेमकी जाते कुठे ते शोधायचं. कार्यालयं, दुकानं, कारखाने यांचा हिशेब सगळेच मांडतात. मिल्स जिथे कोणी बघत नाही तिथे बघायचे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी सहकारी डेल सार्टर यांच्याबरोबर रसायनांच्या प्रयोगशाळेतलं एक बिनचेहऱ्याचं कपाट हिशेबाला घेतलं. त्याचं नाव फ्यूम हूड.

विज्ञान शाखेत शिकलेल्यांनी ते पाहिलेलं असतं. पुढे वर-खाली सरकणारी काच, आत ओटा, आणि वर छतापर्यंत गेलेली नळी. आत ॲसिड उकळत असलं तर वाफ माणसाच्या नाकात न जाता नळीतून बाहेर जावी, एवढंच त्याचं काम. पण ते नुसती वाफ ओढत नाही, खोलीतली हवाही ओढतं. ती हवा उन्हाळ्यात एसीने थंड केलेली असते आणि हिवाळ्यात हीटरने गरम केलेली. ती गेली की तेवढीच नवी हवा बाहेरून घ्यायची, पुन्हा थंड किंवा गरम करायची आणि पुन्हा नळीतून सोडून द्यायची. हे रात्रंदिवस चालू. मिल्स आणि सार्टर यांनी काढलेला आकडा असा की एक फ्यूम हूड साडेतीन अमेरिकी घरांइतकी ऊर्जा खातं. देशभरात अशी कपाटं साडेसात लाखांच्या आसपास.

काही वर्षांनी, २०१२ साली, याच मिल्स यांचा एक निबंध ‘एनर्जी पॉलिसी’ या नियतकालिकात आला. या वेळी त्यांनी हिशेबाला घेतला होता बंद खोलीत पिकवलेला गांजा. त्यातले आकडे वाचून भल्याभल्यांनी चष्मा पुसला. या खोल्यांतला उजेड ऑपरेशन थिएटरच्या तोडीचा, म्हणजे वाचायला लागतो त्याच्या ५०० पट. हवा तासाला ३० वेळा बदलायची, म्हणजे आधुनिक प्रयोगशाळेच्या ६ पट आणि घराच्या ६० पट. एक किलो वाळलेल्या मालामागे साधारण ४६०० किलो कार्बन डायऑक्साइड. सगळं मिळून अमेरिकेच्या एकूण विजेपैकी सुमारे १ टक्का, वर्षाला ६ अब्ज डॉलरची. यातला बहुतेक माल तेव्हा बेकायदा होता. चोरून पिकवायचं तर चार भिंतींच्या आत, खिडक्या काळ्या करून. ज्या पिकाला फुकटचं ऊन पुरतं, ते दिव्याखाली आलं त्यात पोलिसांच्या भीतीचा वाटा मोठा होता.

एक जागा विज्ञानाची, दुसरी नशेची. वीज मात्र दोन्हीकडे एकाच वाटेने जाते: हवा ओढा, थंड करा, फेकून द्या. गेल्या वीसेक वर्षांत या दोन्ही जागांच्या दारावर ‘पर्यावरणपूरक’ असल्याचे दाखले लागू लागले आहेत. कोणी कांस्य दर्जा देतं, कोणी सोनेरी, कोणी हिरवा. हे दाखले काय तपासतात आणि काय तपासत नाहीत, हे बघण्यासारखं आहे.

दाखल्याची भानगड महाराष्ट्राला नवी नाही. २०१० साली नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षांचे कंटेनर युरोपातल्या बंदरांवर अडकले होते. वेलीची वाढ आवरायला वापरतात ते क्लोरमेक्वाट क्लोराइड, शेतकऱ्यांच्या बोलीत ‘सीसीसी’, मण्यांत मर्यादेपेक्षा जास्त सापडलं. गंमत म्हणजे (बागाईतदाराला ती गंमत वाटली नसणार) निघण्याआधी मालाची रीतसर तपासणी झालेली होती. निर्यातीच्या द्राक्षांचा माग ‘ग्रेपनेट’वर ठेवला जातो, नमुने प्रयोगशाळेत जातात, त्याशिवाय पेटी हलत नाही. पण त्या वेळच्या तपासणीच्या यादीत हे औषधच नव्हतं. यादीत जे असतं तेवढंच दाखला बघतो. ही गोष्ट पुढे कॅलिफोर्नियात पुन्हा भेटेल.

आधी प्रयोगशाळा.

जीवशास्त्राच्या कुठल्याही मोठ्या लॅबमध्ये, मग ती बोस्टनची असो की पुण्याची, कोपऱ्यात एक उभा फ्रीझर घरघरत असतो. त्याला सगळे नुसतं ‘मायनस एटी’ म्हणतात. दार उघडलं की पांढरी वाफ पायांवर उतरते. आतली दारं बर्फाने चिकटलेली, ती हातमोजे घालून ओढायची. आत स्टीलचे रॅक, रॅकमध्ये पुठ्ठ्याची खोकी, प्रत्येक खोक्यात बोटाच्या पेराएवढ्या नळ्या. अर्ध्यांवर मार्करने लिहिलेली नावं पुसट झालेली. त्यातली बरीच सहा वर्षांपूर्वी पीएच.डी. संपवून गेलेल्या कुणाची तरी. टाकायची कुणाची छाती होत नाही, न जाणो त्यात काही मोलाचं असलं तर! मग ती तशीच राहतात, आणि जागा पुरत नाही म्हणून दुसरा फ्रीझर येतो.

असा एक फ्रीझर, जरा जुना झालेला, दिवसाला २० युनिटच्या आसपास वीज घेतो. महिन्याला ६०० युनिट. महावितरणच्या घरगुती बिलात ५०० युनिटच्या वर गेलं की काय दर लागतो, हे ज्यांच्या घरी दोन एसी आहेत त्यांना सांगायला नको. एका फ्रीझरची वीज एका सुखवस्तू घराच्या बिलाएवढी, आणि मोठ्या विद्यापीठात असे फ्रीझर शेकड्यांनी.

बरं, उणे ८० हा आकडा कुठल्या विज्ञानाच्या ग्रंथातून आलेला नाही. पूर्वी उणे ६५-७० अंशांवर नमुने बिनबोभाट टिकत होते. फ्रीझर बनवणाऱ्या कंपन्यांत ‘आमचा जास्त थंड’ अशी चढाओढ लागली, आणि उणे ८० हाच रिवाज पडला. कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर संकुलातल्या ‘ग्रीन लॅब्स’वाल्यांनी अनेक फ्रीझर उणे ७० वर आणले आणि कुठले नमुने तिथे वर्षानुवर्षं नीट टिकले याच्या नोंदी इतरांसाठी खुल्या केल्या. दहा अंशांनी तापमान चढवलं की वीज जवळपास ३० टक्क्यांनी उतरते. शिवाय कॉम्प्रेसरची दमछाक कमी, म्हणून यंत्रही जास्त टिकतं.

या अशा बारीकसारीक सुधारणांची यादी करून तिला दाखल्याचं रूप देणारी एक मोठी संस्था म्हणजे कॅलिफोर्नियातली ‘माय ग्रीन लॅब’. न्यूरोसायन्स शिकलेल्या ॲलिसन पॅराडाइज यांनी ती २०१३ साली सुरू केली, ना-नफा तत्त्वावर. पद्धत साधी आहे. लॅबमधली माणसं आधी एक लांबलचक प्रश्नावली भरतात. फ्यूम हूडची काच काम नसताना खाली ओढता का? फ्रीझरमध्ये काय आहे याची यादी आहे का? रात्री कोणती यंत्रं चालू राहतात? घातक रसायनाऐवजी सौम्य रसायन चाललं असतं का? उत्तरांवरून सुधारणा सुचवतात. काही महिन्यांनी पुन्हा तीच प्रश्नावली, आणि गुणांनुसार ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. सर्वांत वर ‘ग्रीन’.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने २०१८ साली ‘लीफ’ नावाची अशीच चौकट आणली. मार्टिन फार्ली हे तिच्यामागचं नाव. तीत ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा तीनच पायऱ्या, पण एक गोष्ट चतुराईची आहे. काय केलं की किती कार्बन वाचला आणि किती पाउंड वाचले, हे लॅबला स्वतःच मोजता येईल अशी गणकयंत्रं तीत दिलेली आहेत. विभागप्रमुखाला पृथ्वीची काळजी असेलच असं नाही, बजेटची असतेच.

या दाखल्यांना खरी धार आली ती पैसा देणाऱ्यांमुळे. ब्रिटनमध्ये ‘वेलकम’ आणि ‘कॅन्सर रिसर्च यूके’ यांसारख्या संशोधनाला निधी पुरवणाऱ्या संस्थांनी असा दाखला निधीशी जोडायला सुरुवात केली. संयुक्त राष्ट्रांच्या ‘रेस टू झिरो’ मोहिमेने २०२१ साली औषध उद्योगासाठी ‘माय ग्रीन लॅब’चा दाखला हे एक माप म्हणून स्वीकारलं, २०३० पर्यंत मोठ्या औषधकंपन्यांच्या ९५ टक्के प्रयोगशाळांना सर्वोच्च ‘ग्रीन’ दर्जा, असं उद्दिष्ट आहे. त्याआधी या दाखल्याकडे हौशी मंडळींचा उद्योग म्हणूनच बघितलं जायचं.

प्लास्टिकचं प्रकरण मात्र अवघड आहे. एक्झेटर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली ‘नेचर’मध्ये पत्र लिहून अंदाज दिला होता की जीववैद्यकीय आणि कृषी संशोधनाच्या प्रयोगशाळांतून २०१४ या एका वर्षात जगभर सुमारे ५५ लाख टन प्लास्टिक कचरा निघाला असावा. पिपेटच्या टिप्स एकदा वापरायच्या आणि फेकायच्या. एका दुपारी एक विद्यार्थी शे-दोनशे सहज संपवतो. काचेची भांडी धुऊन वापरणारी पिढी निवृत्त झाली. शिवाय जंतूंशी संबंध आलेलं प्लास्टिक आधी ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करायचं आणि मग जाळायचं, असा नियम. पुनर्वापराला वावच थोडा. ‘माय ग्रीन लॅब’ने यावर २०१७ मध्ये ‘ॲक्ट’ नावाचं लेबल काढलं. बिस्किटाच्या पुड्यामागे पोषणाचा तक्ता असतो तसा हा तक्ता टिप्सच्या डब्यावर किंवा फ्रीझरवर येतो. बनवताना किती ऊर्जा गेली, वेष्टन कशाचं, शेवटी त्याचं काय होणार, याला आकडे. मूळ लेबलात आकडा जितका लहान तितका माल बरा. एखाद्या विद्यापीठाच्या खरेदी विभागाने दोन डब्यांची ही लेबलं शेजारी ठेवून बघितली, तर त्याचा परिणाम शंभर पोस्टरांपेक्षा जास्त होईल.

‘फ्रीझर चॅलेंज’ ही त्याच गोतावळ्यातली स्पर्धा. दरवर्षी लॅबनी जुने नमुने टाकायचे, बर्फ काढायचा, तापमान चढवायचं आणि गुण मिळवायचे. हार्वर्डमध्ये तर फ्यूम हूडची काच खाली ओढण्याची स्पर्धा चालते. संशोधक म्हणजे लहानपणापासून पहिला नंबर काढत आलेली माणसं. त्यांना चुरस लावली की कामं होतात, हे संयोजकांनी बरोबर ओळखलं.

खोट कुठे आहे, तेही सांगायला हवं. प्रश्नावली भरणारे लॅबमधलेच लोक. कोणी बाहेरचा येऊन वर्षभर वीजमापक वाचत बसत नाही. आणि दाखला लॅबच्या सवयींना मिळतो, इमारतीला नाही. एसीची यंत्रणा पंचवीस वर्षांची जुनी, छतावरचे पंखे एकाच वेगाने फिरणारे, तर काच खाली ओढली तरी ओढली जाणारी हवा तेवढीच राहते. विद्यार्थिनीने निष्ठेने काच ओढायची आणि नळीने ती निष्ठा बाहेर फेकून द्यायची, असं घडतं. तरीही दाखल्याने फ्रीझर साफ होत असतील आणि तापमान दहा अंश चढत असेल, तर त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. प्रयोगशाळेला बंद खोली लागतेच, तिला पर्याय नाही. बंद खोलीतला अपव्यय कमी करणं एवढंच करण्यासारखं आहे, आणि तेवढं हे दाखले बऱ्यापैकी करतात.

गांजाचं तसं नाही.

कोलोरॅडोच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये गांजा कायदेशीर केला आणि १ जानेवारी २०१४ पासून दुकानं उघडली. बेकायदा धंद्याबरोबर काळ्या खिडक्याही जातील, पीक उन्हात येईल, अशी कोणाची समजूत असेल तर ती फोल ठरली. सुरुवातीच्या नियमांनुसार दुकानदाराला बहुतेक माल स्वतःच पिकवणं भाग होतं. दुकानं शहरात, म्हणून पीकही शहरात. डेन्व्हरमधली रिकामी गोदामं भाड्याने गेली. आत हजार वॅटचे सोडियम दिवे; रोप वाढतं तेव्हा दिवसाचे १८ तास, फुलोऱ्यात १२ तास. दिव्यांची उष्णता काढायला एसी, पानांचा ओलावा काढायला डीह्युमिडिफायर, वाढ जोमाने व्हावी म्हणून सिलिंडरमधून सोडलेला कार्बन डायऑक्साइड. काही वर्षांतच शहराच्या एकूण विजेपैकी साधारण ४ टक्के वीज या गोदामांत जाऊ लागली.

कोलोरॅडो राज्य विद्यापीठाच्या हेली समर्स, जेसन क्विन आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली ‘नेचर सस्टेनेबिलिटी’मध्ये देशभराचा हिशेब मांडला. एक किलो वाळलेल्या फुलामागे २,२८३ ते ५,१८४ किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन. सगळ्यात कमी दक्षिण कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला, सगळ्यात जास्त हवाईत, दमट हवा आणि तिथली वीज यांमुळे. मिल्स यांचा जुना आकडाही या दोहोंच्या मध्येच बसतो. सगळ्यात मोठा वाटा दिव्यांचा असेल असं वाटलं होतं. निघाला तो हवेचा. म्हणजे पुन्हा फ्यूम हूडचीच गोष्ट. आणि कोलोरॅडोतलं बंद खोलीतलं सगळं पीक मोकळ्या शेतात नेलं, तर त्या एकट्या राज्याचं वार्षिक उत्सर्जन १.३ टक्क्यांनी घटेल, असा त्यांचा अंदाज होता.

इथे दाखल्यांचा बाजार दोन पंथांत विभागला जातो. पहिला पंथ म्हणतो, खोली राहू दे, दिवे बदला. मॅसॅच्युसेट्सने तर कायद्यानेच मोठ्या उत्पादकांना चौरस फुटाला ३६ वॅटची मर्यादा घातली. जुन्या सोडियम दिव्यांना ती झेपत नाही, एलईडी लावावेच लागतात. पोर्टलंडच्या ‘रिसोर्स इनोव्हेशन इन्स्टिट्यूट’ने ‘पॉवरस्कोअर’ नावाचं माप तयार केलं, ज्यात उत्पादक आपली वीज आणि पाणी भरतो आणि इतरांच्या तुलनेत कुठे बसतो ते बघतो. बोल्डर परगण्याने वेगळाच मार्ग काढला: एकतर स्थानिक सौर-पवन ऊर्जा वापरा, नाहीतर प्रत्येक युनिटमागे २.१६ सेंट निधीत भरा.

दुसरा पंथ खोलीच नाकारतो. त्याला समजून घ्यायचं तर एक सरकारी विसंगती आधी बघावी लागेल. अमेरिकेत ‘ऑर्गॅनिक’ हा शब्द केंद्रीय कृषी खात्याच्या ताब्यात आहे. आणि केंद्राच्या कायद्यात गांजा अजून निषिद्ध आहे. राज्याने परवाना दिलेल्या शेतकऱ्याने शेणखत घालून, एक थेंबही औषध न फवारता पीक घेतलं, तरी त्याला ‘ऑर्गॅनिक’ म्हणवून घेता येत नाही. तेच झाड, पण त्यातलं टीएचसी हे नशेचं द्रव्य ०.३ टक्क्यांपेक्षा जास्त नसलं, की २०१८ च्या शेती कायद्यानुसार ते हेम्प ठरतं, आणि मग त्याला ऑर्गॅनिकचा शिक्का मिळू शकतो.

या पोकळीत खासगी दाखले उगवले. ख्रिस व्हॅन हूक हे कॅलिफोर्नियातले वकील आणि कृषी खात्याची मान्यता असलेले ऑर्गॅनिक तपासनीस. भाज्यांना दाखला देता तसा आमच्या गांजाला का नाही, अशी विचारणा झाली, तेव्हा त्यांनी २००४ साली ‘क्लीन ग्रीन सर्टिफाइड’ काढलं: ऑर्गॅनिकचेच निकष, फक्त तो शब्द न वापरता. कॅलिफोर्निया सरकारनेही २०२१ मध्ये ‘ओकॅल’ आणलं, ‘ऑर्गॅनिकशी तुल्य’ या अर्थाचं. नावातच किती कसरत आहे बघा.

सगळ्यात कडक दाखला २०१९ साली आलेला ‘सन अँड अर्थ’. उत्तर कॅलिफोर्नियातल्या हंबोल्ट, मेंडोसिनो, ट्रिनिटी या तीन परगण्यांना मिळून ‘एमरल्ड ट्रँगल’ म्हणतात; गेल्या शतकात हिप्पींनी डोंगरात वसवलेला हा गांजाचा मुलूख. तिथल्या छोट्या शेतकऱ्यांतून हा दाखला आला, साबणवाल्या ‘डॉ. ब्रॉनर्स’च्या डेव्हिड ब्रॉनर यांच्या पाठबळाने. त्याच्या अटी मराठी शेतकऱ्याला ओळखीच्या वाटतील. पीक उन्हातच हवं. मुळं मातीत हवीत, कुंडीतल्या नारळाच्या भुशात नव्हे. रासायनिक खत आणि फवारा नाही. मजुराला रास्त मजुरी. जमीन उघडी ठेवायची नाही, आच्छादन हवं, हिरवळीचं खत हवं. आपल्याकडे ताग पेरून फुलोऱ्यात गाडतात, तेच. (तागाचं इंग्रजी नाव सन हेम्प आणि अंबाडीचं डेक्कन हेम्प, पण दोघांचाही गांजाशी काडीचा संबंध नाही. अंबाडीची भाजी निर्धास्त खावी.)

मात्र ऊन म्हटलं की सगळं पवित्र झालं, असंही नाही. याच डोंगरांतल्या बेकायदा मळ्यांनी ओढ्यांचं पाणी वळवून ऐन उन्हाळ्यात सामन माशांची पिल्लं कोरडी पाडली. उंदरांसाठी ठेवलेलं विष ऊदमांजराच्या चणीच्या फिशर नावाच्या दुर्मीळ प्राण्याच्या पोटात गेलं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपासलेल्या मृत फिशरांपैकी ७९ टक्क्यांच्या शरीरात ते सापडलं. म्हणूनच मोकळ्या शेतालाही कोणीतरी येऊन बघणारा लागतो, आणि ‘सन अँड अर्थ’च्या यादीत पाण्याला आणि रानाला जागा आहे.

आता प्रयोगशाळा आणि गांजा प्रत्यक्ष भेटतात ती जागा. कॅलिफोर्नियात परवानाधारक दुकानातला प्रत्येक लॉट विक्रीआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून जातो. तिला आयएसओ १७०२५ हे मानांकन लागतं, तेच जे आपल्याकडे ‘एनएबीएल’ देतं आणि द्राक्षांचे नमुने तपासणाऱ्या लॅबना लागतं. ६६ कीटकनाशकं, शिसं, पारा, आर्सेनिक, कॅडमियम, बुरशी, जंतू, आणि टीएचसी किती ते. म्हणजे उन्हात, मातीत, एकही युनिट न जाळता वाढलेलं फूलही शेवटी कुठल्यातरी लॅबच्या टिप्स, सॉल्व्हंट आणि फ्यूम हूडमधून जाऊनच ग्राहकाकडे पोचतं.

आणि इथेच २०१० ची द्राक्षं आठवतात. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने २०२४ साली दुकानातून माल विकत घेऊन स्वतंत्रपणे तपासून घेतला. लॅबमधून ‘पास’ होऊन आलेल्या बऱ्याच उत्पादनांत कीटकनाशकं सापडली. काही मर्यादेबाहेर, काही तर ६६ च्या यादीतच नसलेली. शिवाय लॅबचं बिल उत्पादकच भरतो. टीएचसीचा आकडा जितका मोठा तितका भाव जास्त, म्हणून उदार आकडे देणाऱ्या लॅबकडे गिऱ्हाइकांची रांग. तिकडे याला ‘लॅब शॉपिंग’ म्हणतात. सरकारला शेवटी २०२४ पासून सगळ्या लॅबना फुलांच्या चाचणीसाठी एकच पद्धत सक्तीची करावी लागली.

छोट्या शेतकऱ्याचं काय झालं? २०२१ नंतर घाऊक भाव कोसळले. एमरल्ड ट्रँगलमधल्या अनेकांनी परवाने परत केले. ‘सन अँड अर्थ’चा शिक्का असलेल्या फुलाला दुकानात दोन पैसे जास्त मिळू शकतात, पण दुकानाच्या काउंटरवरचं गिऱ्हाईक बहुधा शिक्का वाचत नाही, टीएचसीचा टक्का वाचतं. आणि टक्का, चकाकी, एकसारखं फूल या बाबतीत दिव्याखालचा माल पुढे. भर म्हणून केंद्राच्या बंदीमुळे माल राज्याच्या सीमा ओलांडू शकत नाही. कॅलिफोर्नियाचं ऊन मॅसॅच्युसेट्सला विकता येत नाही, म्हणून मॅसॅच्युसेट्सच्या बर्फात गोदामं पेटवावी लागतात. चौरस फुटाला ३६ वॅट की २६, या वादात ही गोष्ट बाजूला पडते. दिवे मोजणारा दाखला खोलीच्या आत जातो आणि ‘ही खोली कशाला?’ हे विचारायचं विसरतो. उन्हाची अट घालणारा दाखला तेवढं विचारतो, हीच त्याची थोरवी. पण त्याच्या हातात फक्त एक शिक्का आहे. सीमा उघडणं अमेरिकी काँग्रेसच्या हातात.

भारतात हा प्रश्न या रूपात नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा गुन्हा आहे, महाराष्ट्रातही. त्याच कायद्यात तंतू आणि बियांसाठी लागवडीला परवानगी देण्याची सोय मात्र आहे. उत्तराखंडने ती २०१८ मध्ये वापरली, ०.३ टक्के टीएचसीच्या अटीवर. नोव्हेंबर २०२१ मध्ये एफएसएसएआयने हेम्पच्या बिया आणि त्यांचं तेल खाद्य म्हणून मान्य केलं, आणि मुंबईतली ‘बॉम्बे हेम्प कंपनी’ २०१३ पासून या धंद्यात आहे. ही लागवड डोंगरउतारावर, पावसावर होते. दिवे नाहीत, एसी नाही. उद्या इथे हेम्पसाठी दाखले निघतील, तेव्हा निकषांच्या यादीत पहिलं वाक्य काय असावं, हे ठरवायला अमेरिकेचा अनुभव पुरेसा आहे.

प्रयोगशाळांचं मात्र थांबायचं कारण नाही. पुणे, मुंबई, नागपूर इथल्या संशोधन संस्थांत आणि औषधकंपन्यांत मायनस एटी रात्रंदिवस चालू आहेत, आणि इकडच्या उन्हाळ्यात त्यांना बोस्टनपेक्षा जास्त घाम गाळावा लागतो. तुमच्या घरातलं कोणी अशा लॅबमध्ये काम करत असेल, तर आज रात्री जेवताना विचारा: फ्रीझर किती अंशांवर आहे, आणि त्यातली सगळ्यात जुनी खोकी कुणाची?